आधी स्टूल धरा

इथले अनुभव मी नेहमी वाचते, पण वाचून झालं की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो पुराव्याचा. दोष माझा नाही, नोकरीचा आहे. मी एका विमा कंपनीत मेडिक्लेमचे कागद तपासते, अठरा वर्षं झाली. पेशंट किती वाजता दाखल झाला, ऑपरेशन कधी सुरू झालं, डॉक्टरांची सही त्याच दिवसाची आहे का... दिवसभर हेच. घरात कुणी म्हणालं की अमक्याला तमकं दिसलं, तर माझ्या तोंडून आपोआप निघतं, "किती वाजता? सोबत कोण होतं?" माझा नवरा महेश म्हणतो, तुझ्यासमोर भूत उभं राहिलं तर तू त्याच्याकडे आधार कार्ड मागशील.

म्हणूनच हे लिहायला मला वर्ष लागलं. नावं बदलली आहेत. बाकी घडलं तसंच सांगते.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो — मी, महेश आणि आमची चौदा वर्षांची मुलगी सई. माझे वडील, अप्पा, जोगेश्वरी पूर्वेला एकटे राहतात. वय शहात्तर. मूळचे मालवणकडचे, मुंबईत येऊन कापड गिरणीत माग चालवले, गिरणी बंद पडल्यावर अंधेरीच्या एका ऑफिस बिल्डिंगमध्ये लिफ्टमनची नोकरी करून रिटायर झाले. आई जाऊन चार वर्षं झाली. घर दुसऱ्या मजल्यावर, बाहेरची खोली, आत स्वयंपाकघर, त्याला लागून मोरी, आणि स्वयंपाकघराच्या वर सामान ठेवायचा पोटमाळा. मुंबईत असं घर ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको.

पावणेदोन वर्षांपूर्वी अप्पा मोरीत घसरले. मनगट मोडलं. प्लास्टर असेपर्यंत मी त्यांना मुलुंडला आणलं, तर नवव्या दिवशी पिशवी भरून दारात उभे. "बाय, माका माझ्या घराक सोड," एवढंच म्हणाले. अप्पा कधी वाद घालत नाहीत, नुसते उभे राहतात. शेवटी मी सोडलं, पण एका अटीवर. बाहेरच्या खोलीत एक छोटा कॅमेरा बसवला, टीव्हीच्या वरच्या फळीवर. फोन उघडला की अप्पांची खुर्ची आणि पलंग दिसायचा.

पहिले पंधरा दिवस झकास गेले. अप्पा पेपर वाचतायत, अप्पा डुलकी काढतायत, अप्पा शेंगा सोलतायत. मी ऑफिसात बसून बघायचे आणि बरं वाटायचं.

मग हळूहळू उलटं झालं. बघितलं की बरं वाटायचं ते दोन मिनिटं टिकायचं, मग परत बघावंसं वाटायचं. मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन. भाजी परतताना ओट्यावर फोन. आणि खुर्ची रिकामी दिसली की हातातलं काम तिथेच. अप्पा मोरीत गेले असतील, स्वयंपाकघरात असतील, गॅलरीत असतील... कळत होतं सगळं, पण बोट आपोआप शेजारच्या नलूमावशींना फोन लावायचं. एकदा त्या बिचाऱ्या डोक्याला मेंदी लावलेल्या तशाच अप्पांच्या दारात गेल्या. अप्पा निवांत चहा गाळत होते. मावशी मला म्हणाल्या, "शीतल, अगं तुझा बाप ठीक आहे. तुझं काय ते बघ."

सई एकदा माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावली आणि म्हणाली, "आई, तू आजोबांना बघतच नाहीस. तू खुर्ची बघतेस." मी तिला गप्प बसवलं.

मग शाळेचं गॅदरिंग आलं. सईचं कथक होतं, पहिल्यांदाच सोलो. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. तिचा नाच कधी सुरू झाला आणि कधी संपला मला आजही सांगता येणार नाही, कारण मी मांडीवर फोन ठेवून रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. टाळ्या ऐकून मान वर केली तर सई स्टेजवरून नेमकी माझ्याकडेच बघत होती. घरी येताना रिक्षात ती एक शब्द बोलली नाही. रडली असती तर परवडलं असतं.

त्या आठवड्यात मी ऑनलाइन थेरपी घ्यायला लागले. ऑफिसातल्या मैत्रिणीने एक ॲप सुचवलं होतं. माझा फारसा विश्वास नव्हता — स्क्रीनवरच्या चौकोनात बसलेल्या अनोळखी बाईशी काय बोलायचं? पण प्रत्यक्ष कुणासमोर बसायची त्याहून जास्त लाज वाटत होती. दर बुधवारी दुपारी चार वाजता, वर्क फ्रॉम होमच्या दिवशी, बेडरूमचं दार लावून, लॅपटॉपवर.

मॅडम सांगलीच्या. त्यांना मुक्ता मॅडम म्हणू. चाळिशीच्या असतील, चष्मा, मागे पोपटी भिंत, आणि बोलताना दर दोन वाक्यांनी "होय की". पहिल्या दिवशी मी त्यांना अख्खी केस मांडून दाखवली — पडल्याची तारीख, प्लास्टरचे आठवडे, कॅमेऱ्याचा अँगल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खुर्ची रिकामी दिसली की पहिल्यांदा शरीरात कुठे काय होतं?" अठरा वर्षांत असा रकाना मी कुठल्याच फॉर्मवर पाहिला नव्हता.

मॅडमची एक सवय इथे सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. त्या कधीच 'हे करा' असं म्हणायच्या नाहीत. मी वैतागून म्हणायचे, "मॅडम, तुम्ही सरळ सांगा ना, कॅमेरा काढू की ठेवू?" त्या हसायच्या. "मी सांगितलं तर तो माझा निर्णय होईल की. तुम्हाला काय वाटतं?" मग आम्ही दोघींनी मिळून छोटे छोटे प्रयोग ठरवले. कॅमेरा उघडावासा वाटला की वहीत वेळ लिहायची आणि दहा मिनिटं थांबून बघायचं. दुपारी सगळ्या नोटिफिकेशन्स बंद ठेवायच्या. दोन महिन्यांत थोडा फरक पडला होता. थोडाच.

आता तो बुधवार.

सई शाळेतून येऊन बाहेर हॉलमध्ये जेवत होती. मी नेहमीप्रमाणे चारला दोन मिनिटं कमी असताना लिंक उघडली. मॅडमचा चेहरा दिसला नाही, काळ्या चौकोनात फक्त नावाची आद्याक्षरं. आवाज मात्र स्वच्छ.

"येतोय का आवाज, शीतलताई? आज कॅमेरा बंद ठेवते."

मी म्हटलं, काही हरकत नाही. मग आठवड्याचं बोलणं झालं. वहीतल्या नोंदी वाचून दाखवल्या. त्या मधूनमधून "होय की" म्हणत होत्या. आवाज त्यांचाच होता, बोलायची ढब त्यांचीच, हे मी आजही छातीठोक सांगेन. फक्त नेहमीपेक्षा प्रश्न कमी विचारत होत्या. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. मी एका मीटिंगचं काहीतरी सांगत होते, ते मध्येच तोडून त्या म्हणाल्या, "अप्पा आत्ता कुठे आहेत?"

असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. सेशनमध्ये फोन उघडायचा नाही असं आमचं ठरलेलं होतं. मला वाटलं, हा काही नवीन प्रयोग असेल. फोन उघडून बघितलं.

"खुर्ची रिकामी आहे," मी म्हटलं. "मोरीत असतील."

"मोरीत नाहीत."

"म्हणजे?"

"शीतलताई, तुम्ही जोगेश्वरीला जा. आत्ता निघा. फोन इथेच ठेवा, वाटेत बघत बसाल."

"मॅडम, पण सेशन..."

"ते राहू दे. पोचलात की आधी स्टूल धरा. मग बोला."

"कसलं स्टूल?"

"आधी स्टूल धरा, मग बोला," त्या परत म्हणाल्या. आवाज चढवला नाही. आमच्या शाळेच्या बाई रांगेत उभं करायच्या त्या सुरात. आणि स्क्रीन बंद झाली.

मी अप्पांना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. त्यात नवल नव्हतं, त्यांचा फोन अर्धा वेळ चार्जिंगला असतो. नलूमावशी भाचीच्या हळदीला मनोरीला गेल्या होत्या. त्यांच्या दाराला कुलूप असणार हे मला माहीत होतं. मी पर्स घेतली, अप्पांच्या घराची किल्ली घेतली, आणि खरंच — फोन बेडवर तसाच ठेवून बाहेर आले. माझं मलाच आश्चर्य वाटलं. सईच्या हातातला घास हातातच राहिला.

"आई, तू फोन न घेता चाललीस?"

"आजोबांकडे जाऊन येते."

"काय झालंय?"

"माहीत नाही गं," मी म्हटलं आणि जिना उतरले.

मुलुंडहून जोगेश्वरी म्हणजे रिक्षाने लिंक रोड. पवईला गाडी मुंगीच्या पावलांनी चाललेली. एरवी या रस्त्यावर मी शंभर वेळा कॅमेरा उघडला असता. त्या दिवशी हातात काहीच नव्हतं. पहिली दहा मिनिटं बोटं नुसती पर्सच्या चेनशी खेळत होती. मग कधीतरी मी बाहेर बघायला लागले आणि अप्पांचा विचार आला. खुर्चीचा नाही, अप्पांचा. लहानपणी मला आणि आईला ते पवईला घेऊन यायचे, तळ्याच्या काठी भाजलेलं कणीस घेऊन द्यायचे आणि स्वतःला दात दुखतो म्हणून सांगायचे. तीन कणसं परवडायची नाहीत हे मला मोठी झाल्यावर कळलं. किती महिने मी त्यांना रोज बघत होते आणि हे एकदाही आठवलं नव्हतं.

साडेपाचच्या आसपास पोचले. बेल वाजवणार होते, हातही वर गेला होता. मग म्हटलं नको, किल्ली आहे ना. दार हळूच उघडलं.

बाहेरच्या खोलीत कुणी नाही. स्वयंपाकघराच्या दारात आले आणि बघितलं.

अप्पा लाकडी स्टुलावर उभे होते, पाठमोरे. एक पाय स्टुलावर, दुसरा ओट्याच्या कडेवर. दोन्ही हात डोक्याच्या वर. पोटमाळ्यावरून आईची शिलाई मशीन अर्धी बाहेर आली होती — ती जुनी, हाताने फिरवायची, काळ्या लोखंडाची, चांगलं वजन असलेली — आणि अप्पांनी ती दोन्ही तळव्यांवर तोलून धरली होती. पुढे ओढता येत नव्हती, मागे ढकलता येत नव्हती. पायाखालचं स्टूल बारीक थरथरत होतं. ज्या हाताचं मनगट मोडलं होतं तो हात तर डोळ्यांना दिसेल इतका कापत होता.

माझ्या तोंडून हाक निघणारच होती. 'अप्पा' यातला 'अ' ओठावर आलेला. ती हाक गेली असती तर ते वळले असते. वळले असते तर काय झालं असतं ते मी लिहीत नाही.

मी काहीच बोलले नाही. तीन पावलांत पुढे गेले, गुडघ्यांवर बसले, स्टूल दोन्ही हातांनी गच्च धरलं, खांदा त्यांच्या पोटरीला टेकवला. आणि मग म्हटलं, "अप्पा, हलू नका. मी आहे. मी धरलंय."

मग अप्पा म्हणाले, "बाय, तू? फोन नाय केलंस तो?"

"केला होता. तुम्ही उचलला नाहीत."

"बरा. आता मशीन पाठी ढकलूक व्हयी."

मी पायाने पिठाचा डबा स्टुलाला अडसर म्हणून सरकवला, एका हाताने अप्पांना धरून ओट्यावर चढले, आणि दोघांनी मिळून मशीन आत लोटली. मग त्यांना उतरवलं. ते जमिनीवर बसले, मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांचा श्वास लागला होता. मी त्यांचा तो हात मांडीवर घेऊन चोळत राहिले. किती वेळ तसे उभे होते, विचारलं तर म्हणाले, कळलंच नाही.

पाच-दहा मिनिटांनी मी विचारलं, "अप्पा, काय करत होता तुम्ही? मशीन कशाला हवी होती?"

ते सांगायला तयार नव्हते. लहान मुलासारखे फरशीकडे बघत राहिले. ओट्यावर एक कागदी पुडी होती. त्यात निळ्या धाग्याचं रीळ आणि निळ्या कापडाचा अर्धा मीटर तुकडा. मी तो उचलून त्यांच्यासमोर धरला.

"तेका टोपी शिवूची होती," अप्पा म्हणाले.

"कुणाला?"

त्यांनी बाहेरच्या खोलीकडे हनुवटी केली. टीव्हीच्या वर. कॅमेऱ्याकडे.

मला नीट कळायला वेळ लागला. कॅमेरा बसवल्यापासून अप्पा कपडे बदलायला मोरीत जात होते. आठ महिने. ज्या मोरीत ते पडले, त्याच ओल्या मोरीत, एका पायावर उभे राहून लेंगा बदलत होते, कारण बाहेर मुलगी बघत असेल. मी कधीही बघत असेन. त्यांना एक छोटं झाकण शिवायचं होतं, नाडी ओढली की वर जाईल असं, म्हणजे कपडे बदलून झाले की पुन्हा उघडता येईल.

"अहो मग टॉवेल टाकायचा ना वरून."

"टॉवेल टाकलंय असतंय तर तुका वाटला असता, अप्पाक राग इलो." मग म्हणाले, "आणि हातान शिवलेला टिकणा नाय. गिरणीत होतंय मी."

"मला सांगायचं होतं अप्पा. महेशने काढून दिली असती मशीन."

"तू आधीच किती घाबरतस," ते म्हणाले. एवढंच.

मी तिथेच त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. ते मला थोपटत होते आणि म्हणत होते, "माका काय झाला नाय, बाय. माका काय झाला नाय." नंतर त्यांनीच चहा केला. साखर जास्त घातली होती.

सईने कळवलं म्हणून संध्याकाळी महेश मला न्यायला आला. त्याने मशीन खाली काढून दिली आणि अप्पांनी आमच्यासमोर निळं झाकण शिवलं. बारीक, सरळ टाका. नाडीसकट. कॅमेऱ्यावर चढवलं तेव्हा ते खरंच बाळाच्या टोपड्यासारखं दिसत होतं.

घरी आल्यावर मी ॲपवर मॅडमना मेसेज केला. "पोचले. स्टूल धरलं. तुमचे आभार कसे मानू कळत नाही."

उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलं. जसंच्या तसं देते. "शीतलताई, माफ करा, अपेंडिक्सचं अचानक निघालं. काल दुपारी ऑपरेशन झालं. सेशन रद्द झाल्याचा मेसेज तुम्हाला माझ्या सहकारी मैत्रिणीने पाठवला आहे ना? तीन आठवडे सुट्टीवर आहे. कसलं स्टूल?"

मी तो मेसेज उभ्या उभ्याच वाचला, मग लॅपटॉप उघडला.

सेशन रद्द झाल्याची मेल खरोखरच आली होती, बुधवारी दुपारी एकच्या सुमारास. नोटिफिकेशन्स बंद म्हणून मी पाहिली नव्हती. मग मी माझं काम केलं — जे मला येतं ते. ॲपवाल्यांना लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की त्या वेळेला त्या लिंकवर तुम्ही एकट्याच होतात, समोरून कुणी जोडलं गेलं नाही, बोलण्याची नोंद नाही. माझ्या लॅपटॉपवर लिंक उघडल्याची वेळ होती, तीन अठ्ठावन्न. बस्स.

महेशचं म्हणणं सरळ होतं. "तू टेन्शनमध्ये होतीस. समोर काळी स्क्रीन. डोकं स्वतःच बोलतं असं कधीकधी. आणि स्टुलाचं म्हणशील तर तू कॅमेऱ्यात त्यांना स्टूल नेताना पाहिलं असशील, लक्षात राहिलं नसेल."

हे पटण्यासारखं होतं. मलाही पटवून घ्यायचं होतं. तेवढ्यात सई म्हणाली, "पप्पा, यार, मग मी पण इमॅजिन केलं का? मी जेवत होते. दोन बायका बोलत होत्या आत. शब्द नाही कळले सगळे, पण ती दुसरी शेवटी स्टूल म्हणाली, दोनदा."

राहता राहिलं कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग. ते साठवलेलं असतं. मी आणि महेश, दोघांनी बसून पाहिलं. चार वाजून आठ मिनिटांनी अप्पा पिशवी घेऊन दाराबाहेर जाताना दिसतात, म्हणजे मॅडमचा आवाज 'मोरीत नाहीत' म्हणाला तेव्हा ते घरातच नव्हते, दोरा आणायला गेले होते. पाचला दहा कमी असताना परत येतात. खुर्चीत बसून पाणी पितात. आणि सव्वापाचला उठून कोपऱ्यातलं स्टूल उचलून आत नेतात.

सव्वापाचला मी रिक्षात होते. मला स्टूल धरायला सांगून जवळजवळ तास झाला होता. त्या वेळी ते स्टूल कोपऱ्यातून हललंही नव्हतं.

महेशने रेकॉर्डिंग दोनदा मागे नेऊन बघितलं आणि मग गुपचूप चहा टाकायला उठला. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही.

मॅडम परत आल्यावर पहिल्याच सेशनला मी त्यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, माझ्याबद्दल काळजी वाटेल त्यांना. त्यांनी पूर्ण ऐकलं. बारीक झाल्या होत्या. मग म्हणाल्या, "तुमचं काम मला माहितीये, तुम्ही मागणार नाही, मीच पाठवते," आणि डिस्चार्ज कार्डाचा फोटो पाठवला. मी असे कागद रोज बघते. ऑपरेशनची वेळ तीन चाळीस ते चार पन्नास, पूर्ण भूल, सही-शिक्का जागच्या जागी. आमच्या टेबलवर आला असता तर एका मिनिटात पास केला असता.

"मी असं बोलत नाही कुणाशी," मॅडम म्हणाल्या. "जा, फोन ठेवा, स्टूल धरा... आम्हाला शिकवतातच तसं. सांगायचं नाही."

"माहितीये मॅडम. म्हणूनच तर मी गेले. तुम्ही पहिल्यांदाच काहीतरी सांगत होतात."

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "खरं सांगू? ऐकून भीती नाही वाटली. थोडा हेवा वाटला, त्या बोलणारीचा."

आता परिस्थिती अशी. कॅमेरा अजून आहे, पण झाकण खाली असतं. सकाळी नऊला, दुपारी दोनला आणि संध्याकाळी सातला अप्पा नाडी ओढतात, हात हलवतात आणि परत सोडतात. मी तेवढंच बघते. सुरुवातीला मधले तास जड गेले, खोटं कशाला बोलू. वही अजून चालू आहे, पण पानं कमी भरतात. नलूमावशींना मी आता फक्त गप्पा मारायला फोन करते, त्यामुळे त्या उचलतात. सईचं यंदाचं गॅदरिंग मी फोन महेशच्या खिशात ठेवून पाहिलं. पूर्ण नाच. गिरकी घेताना ती जीभ दाताखाली धरते, थेट अप्पांसारखी, हे मला तेव्हा कळलं.

अप्पांना मी विचारलंही होतं, तुम्हाला काय वाटतं, कोण बोललं असेल? ते पेपर वाचत होते. "कोणीतरी तुका जा म्हणान सांगल्यान, तू इलस. बरा झाला. आता तेच्या पाठी कशाक लागतस?" आणि पान उलटलं.

पण मी पाठी लागणारी बाई आहे. वर्षभर मी हे उलटंसुलटं करून पाहिलं. कुणी म्हणालं आईच असेल. पण आवाज आईचा नव्हता, 'होय की' आईने आयुष्यात म्हटलं नव्हतं. कुणी म्हणालं ॲपमध्ये गडबड, जुनं रेकॉर्डिंग लागलं असेल. पण जुनं रेकॉर्डिंग माझ्या वहीतल्या त्या आठवड्याच्या नोंदींना उत्तरं कशी देईल? माझ्याकडे वेळा आहेत, मेल आहे, डिस्चार्ज कार्ड आहे, साक्षीदार आहे. सगळे कागद बरोबर आहेत आणि तरी क्लेम कुठल्याच रकान्यात बसत नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा. मी तर आता शोधणं जवळजवळ सोडलंय.

गेल्या महिन्यात मॅडमबरोबरचं शेवटचं सेशन झालं. आता गरज नाही असं दोघींनाही वाटलं. पन्नास मिनिटं संपली, निरोप झाला, मी खिडकी बंद करायला हात नेला, तर त्या म्हणाल्या, "शीतलताई, एक विचारायचं राहिलंय. विचारू का?"

"विचारा ना."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "त्या दिवशी मी... नीट बोलले ना तुमच्याशी?"

मी म्हटलं, "नीट बोललात मॅडम. थोड्या घाईत होतात, पण नीट बोललात."

"होय की," त्या म्हणाल्या, आणि या वेळी खिडकी मी बंद केली.